खिंडीच्या अलीकडे, दोनदा

आपल्या गिर्यारोहण मंडळाच्या वार्षिक अंकात सतरा वर्षांपूर्वी माझा एक लेख छापून आला होता. नागणी जोतच्या मोहिमेचा. जोत म्हणजे खिंड. हिमाचलात कुल्लूच्या बाजूला तसंच म्हणतात. जुने अंक ज्यांच्याकडे आहेत त्यांनी तो काढून पाहावा. शेवटच्या पानावर एक वाक्य आहे : ‘खिंड अर्ध्या तासावर असताना दिनकरची प्रकृती बिघडली आणि त्याला सुखरूप खाली आणणं हेच माझं पहिलं कर्तव्य ठरलं.’ त्या वाक्यातली दोन्ही माणसं खरी आहेत. त्यांच्या जागा तेवढ्या मी बदलल्या होत्या.

आजारी मी पडलो होतो. मला खाली आणलं दिनकरने.

हे पहिल्याच ओळीत लिहायचं ठरवून बसलो होतो, तरी आधी सहा-सात ओळी खरडल्याच. सवय जायला वेळ लागतो.

नव्या सभासदांसाठी सांगतो. दिनकर आणि मी खडकीच्या कारखान्यात एकाच दिवशी, एकाच शॉपमध्ये, म्हणजे एकाच खात्यात लागलो. तो भंडाऱ्याकडचा, मी इथलाच, दापोडीत वाढलेला. क्वार्टर्समध्ये आमची दारं समोरासमोर होती. मंडळात मीच त्याला आणलं. मी तेव्हा लीडर आणि तो नवखा. पोट जरा पुढे, बोलणं कमी, चालणं सावकाश. मंडळाची एक पद्धत आहे आणि तिचा मला आजही अभिमान आहे. मुक्कामी पोचलं की लीडर हजेरी घेतो, आणि नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं नाही, ‘ठणठणीत’ म्हणायचं. राजगडावर चिंब भिजून काकडलेली चाळीस माणसं एकामागून एक ‘ठणठणीत’ म्हणतात तेव्हा खरोखर अंगात ऊब येते. पण त्या पद्धतीत एक खोट आहे. तिथे दुसरं उत्तरच नाही.

सतरा वर्षांपूर्वी नागणी जोतच्या वरच्या तळावर माझं डोकं फुटत होतं. पोटात काही ठरत नव्हतं. संध्याकाळी आम्हा दोघांची हजेरी मीच घेतली आणि मीच ‘ठणठणीत’ म्हणालो. मंडळातून आम्ही दोघंच गेलो होतो. बाकीचे परप्रांतातले, अनोळखी. दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फाच्या उतारावर माझे पाय वाकडे पडायला लागले. दिनकरला मी शॉपमधल्या दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाका मारत होतो. त्याने मान वर करून एकदा खिंडीकडे पाहिलं, माझ्या कंबरेला दोर बांधला आणि मला वळवलं. तो म्हणाला, “चल, पुणं खालच्या बाजूला आहे.” खिंड त्याची हुकली ती अशी. बाकीचे पलीकडे उतरले, त्यामुळे नक्की काय झालं हे माहीत असलेला पुण्यात एकच माणूस होता, आणि त्याने ते कुणाला सांगितलं नाही.

परतल्यावर क्वार्टर्सच्या हॉलमध्ये सत्कार झाला. शाल, श्रीफळ. सहकाऱ्याचे प्राण वाचवले म्हणून. पहिल्या रांगेत दिनकर टाळ्या वाजवत होता. मला कुणी एक प्रश्न विचारला नाही. दिनकर ढेपाळला याचं कुणाला नवल वाटलं नाही, आणि माझ्यासारख्याने त्याला वाचवलं याचंही नाही. माझ्यासारखा म्हणजे कसा आणि त्याच्यासारखा म्हणजे कसा, हे त्या हॉलमध्ये कुणी न सांगता सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. खोटं खपेल हे मला त्यामुळेच आधी कळलं होतं.

त्यानंतर मोठ्या मोहिमांच्या यादीत दिनकरचं नाव कधी आलं नाही. यादी मी करत असे.

खडकी, निघण्यापूर्वी

दिनकरची मुलगी प्रज्ञा हिंजवडीत एका कंपनीत आहे. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून सिंहगड चढलेली ही पोर आता माझ्या दुप्पट वेगाने चढते. फेब्रुवारीत एका रविवारी ती घरी आली आणि म्हणाली, “काका, नागणी जोत करायचंय. बाबांचं राहिलंय ना, ते मी पुरं करते. तुम्ही चला. तुम्हाला वाट माहीत आहे.”

मी चोपन्न वर्षांचा आहे, गुडघे दुखतात, लग्नसराई आहे, अशी सगळी कारणं सांगून झाली. ती ऐकेना. शेवटी सुनंदावहिनींनीच निकाल लावला. वहिनी म्हणजे दिनकरची बायको. तुम्ही बरोबर असाल तरच हिला पाठवते, म्हणाल्या. यांना सांभाळून आणलंत तसं हिलाही आणा. दिनकर खुर्चीत बसून बातम्या पाहत होता.

तिथेच बसून प्रज्ञाने मोबाइलवर आमचे फॉर्म भरायला घेतले. वय, वजन, रक्तगट. मग तिने मोठ्याने वाचलं, “यापूर्वी उंचीवर कधी त्रास झाला आहे का? काका?”

मी दिनकरकडे पाहिलं. त्याने टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

“नाही,” मी म्हणालो.

रस्ता संपतो ते गाव

पुणे ते कुल्लू या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही; दोन रात्री आणि एक दिवस आम्ही बसून होतो. जिथे गाडीरस्ता संपतो ते गाव मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. लाकडी घरं, खाली गाई आणि वर माणसं, छपरांवर पातळ पाट्यांसारखे दगड. आपल्याकडे उन्हात पापड-कुरडया घालतात तशी तिकडे छपरावर जर्दाळू वाळत घालतात. आम्ही उतरलो त्या घरातल्या आजीबाईंनी सिड्डू वाढला. खमीर आलेल्या पिठाचा जाड गोळा, आत अक्रोड वाटून भरलेला, वाफेवर उकडलेला. वरून तूप इतकं की ताटाच्या कडेला ओघळ. मोदकाचा हा थोरला, तिखट भाऊ आहे असं माझं मत पडलं. प्रज्ञाने तीन खाल्ले. आपली शेंगदाण्याची चटणी आजींना दिली तर त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि उरलेली पुडी सरळ फडताळात ठेवून दिली, पाहुण्यांसाठी.

बारा जणांचा गट होता. आम्ही दोघं, दहा बाकीचे. गाइड रोशनलाल, चाळिशीचा, कमी बोलणारा. सामान वाहायला सहा खेचरं आणि त्यांचा मालक, पांढऱ्या मिशांचे एक आजोबा. त्यांना सगळे चाचा म्हणत.

पहिल्याच दिवशी ओढा ओलांडताना माझ्या उजव्या बुटाचा तळ गळून पडला. अकरा वर्षं माळ्यावर जपून ठेवलेले बूट; डिंकाने जीव सोडला होता. चाचांनी खेचराच्या खोगिराची दोरी कापून तो तळ बुटाला बांधून दिला, आणि खेचराचा पाय उचलून मला त्याचा नाल दाखवला. चारही खिळे जागेवर होते. यात टोमणा होता हे कळायला हिंदी येण्याची गरज नव्हती.

“काका,” प्रज्ञा म्हणाली, “बूट रिटायर झालेत. तुमची अजून चार वर्षं आहेत.”

त्या संध्याकाळी देवदारांखाली तंबू लागल्यावर तिने गळ्यातल्या शिट्टीला हात लावून लीडरच्या थाटात हजेरी घेतली. माझं नाव पुकारलं, मी ‘ठणठणीत’ म्हणालो. स्वतःचं पुकारलं, स्वतःच उत्तर दिलं. गटातल्या इतरांना मौज वाटली. दुसऱ्या दिवशी तेही त्यात आले. इंदूरचे एक काका तर ‘ठणठणीत’ इतकं जोरात म्हणत की खेचरं कान टवकारत. खडकीतला एक शब्द बारा हजार फुटांवर दुमदुमताना ऐकून ऊर भरून आला, हे लपवत नाही.

तो दुसरा तळ म्हणजे नुसतं गवत आणि पाणी. झाडं मागे राहिली होती. पिवळी फुलं जमिनीला इतकी चिकटलेली की ती पाहायला ओणवं व्हावं लागे. समोर खिंडीखालचा बर्फाचा उतार दिसत होता, पांढराशुभ्र, आणि त्यात मधोमध एक काळा खडक. त्या खडकापाशी मला वळवलं होतं. मी प्रज्ञाला दाखवला नाही.

रोशनलाल रोज संध्याकाळी बोटाला यंत्र लावून रक्तातला ऑक्सिजन पाहत असे. त्याची फेरी येण्याआधी मी पाच मिनिटं खोल श्वास घेत बसायचो, म्हणजे आकडा वर येतो. बोटं काखेत धरून गरम करायचो. हे मी सतरा वर्षांपूर्वी शिकलो नव्हतो. तेव्हा यंत्रच नव्हतं. यंत्राला फसवायला मी मुद्दाम शिकून गेलो होतो.

वरचा तळ

वरच्या तळावर आम्ही भर दुपारी पोचलो. दगडांचा पसारा, बर्फाचं पाणी, वारा. सकाळपासून मी दोनदा मागे राहून ओकलो होतो. डोक्यात कुणी पत्रा ठोकावा तसं होत होतं. हे सगळं ओळखीचं होतं. घरचंच दुखणं म्हणा.

इथली एक गोष्ट सांगायला हवी. खेचरं खिंड ओलांडत नाहीत. वरच्या तळावर सामान उतरवून ती त्याच दुपारी मागे वळतात. चाचा तीनला निघणार होते. त्यांच्याबरोबर जो उतरेल तो सुरक्षित खाली जाणार. तीननंतर खाली न्यायला कुणी नाही. रोशनलालला सकाळी गट घेऊन वर जायचं होतं. सकाळी उतारावर मी कोसळलो असतो तर मला खाली कोण आणणार, हे उघड होतं. माझ्याबरोबर आलेलं माणूस. पुन्हा खिंडीच्या अलीकडे, पुन्हा त्याच घरातलं.

अडीच वाजले होते. चाचा खेचरांचे पट्टे आवळत होते. मी दगडावर बसून मनाशी म्हणत होतो की गोळी घेऊ, झोपू, सकाळपर्यंत उतरेल. मला माहीत होतं की उतरत नाही. आणि तरी खोल श्वास घ्यायला सुरुवात केली होती.

प्रज्ञा दोन मगांतून लसणाचं सूप घेऊन आली. नाक लाल, टोपी नारिंगी, चेहऱ्यावर उद्याची घाई. दोन्ही मग सांभाळत तिने लवकरच हजेरी पुकारली, गमतीने, माझं नाव घेऊन.

“नाही,” मी म्हणालो.

तिला वाटलं सूप नको म्हणतोय.

“ठणठणीत नाही. डोकं फुटतंय. सकाळपासून दोनदा ओकलोय. आणि हे पहिल्यांदा होत नाहीये, प्रज्ञा. मागच्या वेळी आजारी मी होतो. तुझे बाबा नव्हते. त्यांनी मला त्या वरच्या काळ्या खडकापासून खाली आणलं. मी उलटं लिहिलं.”

 तिने दोन्ही मग खाली ठेवले आणि जाऊन रोशनलालला घेऊन आली. त्याने माझ्या बोटाला यंत्र लावलं, मला एका रेषेत चालायला सांगितलं. सहाव्या पावलाला मी बाजूला गेलो. त्याने चाचांना थांबायची खूण केली. हे सगळं पाच मिनिटांत झालं. तोवर प्रज्ञाने माझी पिशवी भरली होती. पाण्याची बाटली, गोळ्या, कोरडे मोजे, एकेक नीट. चेन ओढल्यावर ती माझ्याकडे वळली.

“सहावीत निबंध लिहिला होता मी,” ती म्हणाली. “माझी आवडती व्यक्ती. त्यात तुम्ही होतात, काका. माझ्या बाबांना डोंगर झेपत नाही, पण काकांनी त्यांना वाचवलं, असं लिहिलं होतं. बाबांनी तो वाचून सही केली होती.”

मी बुटाची दोरी पुन्हा आवळली.

“मी तुमच्याबरोबर खाली येणार नाहीये.”

“नको येऊस. म्हणून तर आत्ता सांगितलं.”

“बाबा आले होते,” ती म्हणाली आणि तंबूत गेली.

चाचांनी मला खेचरावर बसायला सांगितलं. चालत जातो म्हणालो. त्यांनी माझ्या दोरी बांधलेल्या बुटाकडे पाहिलं, खेचर एका दगडाला लावून उभं केलं, आणि मी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा डोंगर बसून उतरलो. हजारेक फूट खाली आल्यावर डोक्यातलं ठोकणं मंदावलं. दुसऱ्या तळावर पोचलो तेव्हा भूक लागली होती. चाचांनी शेकलेली मक्याची भाकरी आणि मीठ-तूप दिलं. सतरा वर्षांत इतकं चवीने जेवलो नव्हतो. तोंडातून एक शब्द बाहेर पडला होता तेवढाच, पण तो माझा होता. थोडासा अभिमान मला त्या भाकरीबरोबर मिळाला, आणि तो मी परत करणार नाही.

सकाळी आठच्या सुमारास माझी पक्ष्यांसाठीची जुनी दुर्बीण घेऊन मी गवतावर पालथा पडलो. उन्हात बर्फ झगझगत होतं. ठिपके दिसले. मोजले. रोशनलाल धरून बारा हवेत, बारा होते. त्यातला एक ठिपका काळ्या खडकापाशी आल्यावर जरा थांबला. नारिंगी होता की नाही ते त्या अंतरावरून सांगता येत नाही. तो नारिंगी होता असं मी ठरवलं. मग तो चालायला लागला. रेष वर सरकत गेली, कडेशी बारीक झाली आणि पलीकडे गेली. बारांपैकी एकही ठिपका खाली वळला नाही. मी चाचांना मोठ्याने सांगितलं, ती आमची मुलगी आहे. त्यांनी दुर्बीण घेऊन बराच वेळ भलत्याच डोंगराकडे पाहिलं आणि छान आहे म्हणाले.

दोन दिवसांनी कुल्लूच्या बसस्टँडवर आम्ही भेटलो. नाकाची साल निघालेली, ओठ फुटलेले, चालण्यात ऐट. मी पाया पडायचाच बाकी होतो. ती बाकावर माझ्या शेजारी बसली, पराठ्याची गुंडाळी मोडून अर्धी मला दिली. खाता खाता म्हणाली, वर हजेरी घेतली. बाबांचं नाव पुकारलं आणि सगळ्यांनी मिळून उत्तर दिलं.

“आणि माझं?”

“गैरहजर लावलं.” मग बसकडे पाहत, “घरी तुम्ही सांगायचं. मी नाही.”

पुन्हा खडकी

हा लेख इथवर लिहून मी समोरच्या दारी गेलो आणि दिनकर-वहिनींना वाचून दाखवला. बोलून सांगणं मला जमलं नसतं. कागद हातात असला की जमतं. वहिनी भाजी निवडत होत्या. हॉलमधल्या सत्कारापाशी आलो तेव्हा त्यांचे हात थांबले. वाचून झालं तरी त्या माझ्याकडे पाहीनात. नवऱ्याकडे पाहत होत्या.

“सतरा वर्षं,” त्या म्हणाल्या, “तुमच्या छातीत दम नाही म्हणून मी तुम्हाला पर्वतीसुद्धा चढू दिली नाही. रोज काढा पाजला. काहून नाही सांगितलं?”

“काढा चांगला होता,” दिनकर म्हणाला.

वहिनी उठून आत गेल्या. भांडी जोरात वाजली.  मी माफी मागायला तोंड उघडलं तर दिनकरने हात वर केला.

“तू लिहिलंस तेव्हा वाटलं, घाबरला असेल. पुढच्या अंकात दुरुस्ती देईल.” त्याने माझ्या हातातले कागद घेतले, पानं सारखी केली. “मग त्याच्या पुढच्या अंकाची वाट पाहिली. मग वाट पाहायचं सोडलं. पण अंक दरवर्षी वाचत होतो हां मी.”

माफ केलं, असं तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. मजकुरात मात्र त्याने एक चूक काढली : दोर माझ्या कंबरेला नव्हता, छातीला होता, कंबरेला बांधला तर माणूस उलटा होतो. तुम्ही लीडर लोक, म्हणाला. वर ती ओळ मी तशीच ठेवली आहे, म्हणजे त्याची दुरुस्ती इथे छापता येईल.

लीडरकीचा राजीनामा मी समितीकडे दिला आहे. त्याबरोबर दोन सूचना दिल्या. हजेरीला यापुढे ‘नाही’ हेही उत्तर धरावं, आणि ते देणाऱ्याला कुणी हसू नये. आणि पुढच्या जूनमध्ये नागणी जोतला मंडळाची तुकडी न्यावी. दोन्ही मंजूर झाल्या. त्या यादीत पहिलं नाव दिनकरचं आहे. माझ्या हातची ती शेवटची यादी. गेले तीन महिने तो रोज सकाळी पाठीवर वाळूची पिशवी घेऊन पर्वती चढतो. खाली बाकावर वहिनी घड्याळ घेऊन बसतात आणि तो उतरला की उशीर झाला म्हणतात.

मोबाइलवर त्याचा विश्वास नाही, म्हणून प्रज्ञाने त्याचा फॉर्म छापून आणला. काल तो माझ्याकडे आला, नीट भरलाय का बघ म्हणून. शॉपमध्ये जॉबकार्डावर लिहायचा त्याच ठसठशीत अक्षरात भरलेला. वय, वजन, रक्तगट. खाली तो प्रश्न, यापूर्वी उंचीवर त्रास झाला आहे का. समोर त्याने लिहिलं होतं : ‘मला नाही. सोबतच्याला. दोनदा.’